मार्शलचे मालक बदलले. आपल्या अ‍ॅम्पचं पुढे काय?

सहावी_तार (दादर)

आमच्या बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघाला की कोणीतरी बातमीची लिंक टाकतं, दोघंतिघं रडके चेहरे टाकतात आणि विषय संपतो. मला यावर नीट बोलायचंय, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी लक्ष ठेवलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्शल म्हणजे गिटारचे अ‍ॅम्प, म्हणजे ध्वनिवर्धक, बनवणारी मूळची इंग्लिश कंपनी. जानेवारी २०२५ च्या शेवटी जाहीर झालं की मार्शल समूहाचा बहुसंख्य हिस्सा एचएसजी ही चिनी गुंतवणूक कंपनी घेणार. पूर्वी तिचं नाव सेकोया चायना होतं. समूहाची किंमत धरली १.१ अब्ज युरो. मार्शल कुटुंबाकडे २० टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा राहतो. त्याआधी मार्च २०२३ मध्ये स्टॉकहोमच्या झाउंड इंडस्ट्रीजने मूळ अ‍ॅम्पची कंपनी घेतली होती. हे झाउंडवाले २०१० पासून परवाना घेऊन मार्शलच्या नावाचे हेडफोन आणि स्पीकर काढत होते. म्हणजे नाव भाड्याने घेणारा आधी घरमालक झाला, आणि आता ते अख्खं घर तिसऱ्याकडे गेलं.

माझ्याकडे मार्शलच्या जेसीएम ९०० मॉडेलचं हेड आहे, म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प. २००४ मध्ये वांद्र्याचा एक बँड मोडला, त्यांच्याकडून घेतलं. काळ्या-पिवळ्या फियाटच्या मागच्या सीटवर ते ठेवलं आणि शेजारी मी बसलो, दादरपर्यंत एक हात त्याच्यावर. घरी आई म्हणाली, एवढी मोठी पेटी ठेवणार कुठे? अजून त्याच जागी आहे, देवघराच्या बाजूच्या भिंतीला.

माझे वडील परळच्या एका गिरणीत मागावर होते. १९८२ च्या संपानंतर पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यांच्या तोंडून एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो: कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली, त्याच दिवशी मागाचं मरण ठरलं. मागात काही खोट नव्हती आणि माणसं काम करत नव्हती असंही नव्हतं. हिशोबात मागाला जागा उरली नाही, एवढंच.

ही बातमी वाचल्यावर मला तेच आठवलं. इंग्लंडमधला ब्लेचलीचा अ‍ॅम्पचा कारखाना म्हणजे माग, आणि हेडफोनवर छापलेलं ते पांढरं तिरकं नाव म्हणजे जमीन. १.१ अब्ज युरो कोणी व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पसाठी मोजत नाही. मालक चिनी आहे याचं मला काही वाटत नाही. अ‍ॅम्प हा त्या कंपनीचा लहानसा कोपरा होऊन बसलाय, भीती त्याची वाटते.

तुम्हाला काय वाटतं?

जॅमरूमवाला (गोरेगाव)

तुझ्या वडिलांबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्या आजोबांचंही तेच झालं.

पण अ‍ॅम्पबद्दल सांगतो. माझ्या दोन खोल्यांत मिळून तीन मार्शल आहेत, तिन्ही डीएसएल मॉडेलचे. शनिवार-रविवार सात-आठ बँड येतात, बहुतेक कॉलेजची मुलं. हे डीएसएल व्हिएतनाममध्ये बनतात आणि बरीच वर्षं तिथेच बनतायत. मालक इंग्रज होता तेव्हाच काम बाहेर गेलं होतं. मुलं व्हॉल्यूम दहावर ठेवून निघून जातात, स्टँडबाय न टाकता बंद करतात. एकाने तर स्पीकर केबलच्या जागी गिटारची केबल लावली आणि माझा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर घालवला. तरी अ‍ॅम्प उभे आहेत.

मला रोज लागतात तीन गोष्टी: व्हॉल्व्ह, जॅक आणि फ्यूज. त्या मिळत राहिल्या तर ऑफिस स्टॉकहोमला आहे की बीजिंगला, मी विचारणार नाही.

ड्रॉप_डी (डोंबिवली)

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझं वय २३. माझा मार्शल मॉडेलरच्या आत आहे, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात. प्लेक्सी आणि जेसीएम ८०० हे जुने मार्शल, कॅबचे (स्पीकरच्या पेटीचे) आयआर म्हणजे आवाजाचे डिजिटल ठसे, सगळं एका फ्लोअर युनिटमध्ये. ते पाठीवरच्या सॅकमध्ये, गिटार खांद्यावर, आणि डोंबिवलीहून लोकल. वीस किलोचं हेड घेऊन लेडीज डब्यात चढून दाखवा कोणीतरी. माल डब्यातून न्यायचं म्हटलं तर संध्याकाळी सहाला तिथेही पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांची हीच स्थिती आहे, अ‍ॅम्प ठेवायला भिंतच नाही.

त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांसाठी मार्शल हे आवाजाचं नाव आहे, जसं आपण मारवा म्हणतो तसं. मारव्याचा मालक कोण, असं कोणी विचारत नाही. त्या सर्किटचे नकाशे जगभर पसरलेत, कोणीही बनवू शकतं. कंपनी उद्या गेली तरी आवाज जाणार नाही.

काळाचौकी_बेंजो

मी गिटारवाला नाही, बेंजो वाजवतो. लालबाग-परळच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर जी बेंजो पार्टी असते, तिथला. आमच्या बेंजोला पिकअप असतो, पुढे पेडल आणि अ‍ॅम्प. गर्दीत आवाज फाटला तरी चालतो, उलट थोडा फाटलेलाच लागतो, नाहीतर ढोल आणि ताशांच्या खाली दबतो.

एका वर्षी एका ओळखीच्या गिटारवाल्याने विसर्जनाला त्याचा छोटा मार्शल कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) दिला होता. बेंजो त्यात लावला आणि पहिला स्वर काढला तेव्हा ट्रॉलीच्या मागची पोरं वळून बघायला लागली. तसा आवाज मला परत कधी मिळाला नाही. ड्रॉप_डी ताई, तुमचं जड वजनाचं म्हणणं बरोबर आहे. पण ट्रॉलीवर पाऊस पडत असताना स्क्रीनवरची बटणं दाबत बसता येत नाही. नॉब फिरवला की झालं पाहिजे.

धागा चांगला आहे, वाचतोय.

हिशोबी_माणूस (बीकेसी)

माझं काम याच प्रकारच्या व्यवहारांचे कागद वाचण्याचं आहे, म्हणून थोडं लिहितो. गिटार घरापुरती वाजवतो.

अशी गुंतवणूक कंपनी धंदा कायमचा ठेवायला घेत नाही. काही वर्षं वाढवायचा आणि मग दुसऱ्याला विकायचा किंवा शेअर बाजारात आणायचा. म्हणजे आज जे मालक आहेत तेही शेवटचे नाहीत, हे गृहीत धरून चाला. पण यात अ‍ॅम्पवाल्यांच्या बाजूचा एक मुद्दा आहे. हेडफोनच्या बाजारात शेकडो नावं आहेत. मार्शलचा हेडफोन वेगळा का वाटतो? कारण मंचावर त्या नावाच्या अ‍ॅम्पच्या भिंती उभ्या असतात. उद्या अ‍ॅम्प बंद झाले तर त्या हेडफोनवर नुसती अक्षरं उरतील. हे विकत घेणाऱ्याला कळत नसेल असं मी मानत नाही. गिरणीची जमीन माग नसतानाही विकली गेली, या नावाचं तसं नाही. अ‍ॅम्प चालू आहेत तोवरच त्याला किंमत आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच गावचं. टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँडरोव्हर घेतली. भारतीय कंपनी आपल्या गाड्यांचं काय करणार, हा प्रश्न तेव्हा इंग्लंडमध्ये बऱ्याच लोकांना पडला होता. सोलिहलचा कारखाना आजही चालतोय. तेव्हा आपण बॉम्बे हाऊसकडे अभिमानाने बघत होतो. आज आपण त्या इंग्रज कामगाराच्या जागी उभे आहोत, तर तोच न्याय लावू या.

मात्र एक धोका मी नाकारणार नाही. बंद पडण्याचा नव्हे, दुर्लक्षाचा. नवीन डिझाइनला पैसा नाही, जुन्या मॉडेलचे सुटे भाग काढायला माणूस नाही. हे बातमीत येत नाही, पाच-सात वर्षांनी जाणवतं.

सहावी_तार (दादर)

@हिशोबी_माणूस, धन्यवाद. नाव आणि अ‍ॅम्प एकमेकांना धरून आहेत, हा विचार मी केला नव्हता. पण दुर्लक्षाबद्दल तुम्ही जे लिहिलंत, माझ्या पोटात तोच गोळा आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या हेडचा आवाज मध्येच बसायला लागला. एका मोठ्या दुकानाच्या सर्व्हिस काउंटरवर नेलं. तिथल्या मुलाने पाठचा नंबर बघितला आणि उघडून न बघताच सांगितलं, सर, इतक्या जुन्याचं काही मिळत नाही, नवीन घ्या. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्याला कोणी हे शिकवलंच नव्हतं.

@ड्रॉप_डी, राग कशाला? पण मारवा शिकवायला गुरू लागतो. मॉडेलरमधला जेसीएम ८०० कोणीतरी खऱ्या जेसीएम ८०० समोर माइक ठेवूनच घडवलाय ना? खरे अ‍ॅम्प कोणी बनवलेच नाहीत, तर पुढचा आवाज कशावरून उतरवणार?

ड्रॉप_डी (डोंबिवली)

हा मुद्दा मान्य. खरं सांगायचं तर कॉलेजच्या फेस्टला एकदा फुल स्टॅकसमोर (हेड आणि त्याखाली दोन कॅब) वाजवलंय. ई कॉर्ड मारली आणि पोटरीवर हवा लागली. घरी येऊन मॉडेलर लावला तेव्हा हेडफोनमध्ये ती हवा शोधत बसले होते.

रिवाइंड_काका (ग्रँट रोड)

मी ६८ वर्षांचा आहे, लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत चाळीस वर्षं दुरुस्ती केली. आता घरीच थोडं काम करतो. माझी सून टाइप करते आहे, मी सांगतो आहे.

मुलांनो, मालक आणि माल यांचा संबंध तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही.

जिम मार्शल हे ड्रमचे शिक्षक. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाली पोरं तिथे येऊन बसायची, त्यांत ‘द हू’ बँडचा पीट टाउनशेंडही. अमेरिकेहून आलेला अ‍ॅम्प फार महाग, आम्हाला इथेच जोरकस काहीतरी करून द्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९६२ मध्ये केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर या अमेरिकन कंपनीचा बासमन अ‍ॅम्प समोर ठेवून जेटीएम ४५ बनवला. म्हणजे पहिला मार्शलच मुळी दुसऱ्याचं सर्किट बघून उतरवलेला. भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते, स्पीकर सेलेस्शन या कंपनीचे, त्यामुळे आवाज बदलला. परिस्थितीने घडवलेला आवाज आहे तो.

आता पुढे. १९६५ मध्ये त्यांनी रोझ-मॉरिस या वितरकाशी पंधरा वर्षांचा करार केला. परदेशात किमती इतक्या चढल्या की विक्रीला फटका बसला, आणि आपल्या एका जुन्या मित्रासाठी जिमना पार्क या वेगळ्या नावाने तेच अ‍ॅम्प काढावे लागले. मालक तेच, तरी हे झालं. करार संपल्यावर १९८१ मध्ये जेसीएम ८०० आला.

सत्तरच्या दशकात हाताने जोडलेले बोर्ड गेले आणि छापील सर्किट बोर्ड आले. मालक तेच. अमेरिकेत जाणाऱ्या मार्शलमध्ये तिथल्या वितरकाच्या सांगण्यावरून ईएल ३४ ऐवजी ६५५० व्हॉल्व्ह बसायला लागले, कारण वाटेत ईएल ३४ टिकत नव्हते. एकाच नावाचा अ‍ॅम्प, दोन देशांत दोन आवाज. मालक तेच.

उलटंही ऐका. व्हॉक्स ही इंग्लिश अ‍ॅम्प कंपनी १९६० च्या दशकापासून या हातातून त्या हातात फिरली, शेवटी १९९२ मध्ये जपानच्या कोर्गकडे आली. आणि नव्वदच्या दशकातला व्हॉक्सचा एसी ३० अ‍ॅम्प कुठे बनत होता? मार्शलच्या कारखान्यात. सेलेस्शन १९९२ पासून हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाची आहे. तुम्ही त्यांच्या ज्या ग्रीनबॅक स्पीकरला खरा इंग्लिश आवाज म्हणता, त्याचा मालक तीस वर्षांहून जास्त काळ हाँगकाँगमध्ये बसला आहे. तुमच्या कानाला कधी कळलं?

मी घाबरतो ते दोन गोष्टींना. एक, व्हॉल्व्ह. एकेकाळी बंगळुरूची बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची, आमच्या गल्लीत त्यांचे डबे रचलेले असायचे. आज जगात मोजक्याच ठिकाणी बनतात: मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया, चीन. २०२२ मध्ये रशियातली निर्यात अडली तर सगळीकडे भाव चढले. मार्शलचा मालक कोणीही असो, या तीन देशांतल्या भट्ट्या विझल्या तर सगळेच गप्प.

दुसरी गोष्ट माणसं. ट्रान्सफॉर्मर जळला तर तो पुन्हा गुंडाळता येतो. तार, किती वेढे, थरांमध्ये कोणता कागद, हे मोजून लिहून ठेवलं की झालं. माझ्या वहीत सतरा प्रकारच्या अ‍ॅम्पची मापं आहेत. माझ्यानंतर ती वही कोण वाचणार, मला माहीत नाही.

आणि सहावी_तार, तुझं हेड. आवाज बसतो म्हणतोस, तर आधी पॉवर सप्लायचे कपॅसिटर बघायला हवेत. वीस-पंचवीस वर्षांत ते सुकतातच, त्यात आपली समुद्राची हवा. मागची जाळी काढ आणि मोठ्या व्हॉल्व्हवर काय लिहिलंय ते बघून सांग. आत हात घालू नकोस. प्लग काढल्यावरही आतमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट साठून राहतात.

जुना_रंगभवनी (माहीम)

काकांना नमस्कार. असं लिखाण हल्ली वाचायला मिळत नाही.

पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. १९८६ ला रंगभवनात आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला त्या पहिल्या वर्षांपासून मी तिथे जात होतो. झेवियर्सच्या मागे, धोबीतलावला, उघड्यावर. रॉक मशीन बँडचे महेश तिनईकर वाजवायला लागले की मागच्या पायऱ्यांपर्यंत मराठी पोरं उभी राहायची. आपल्यातला माणूस तिथे उभा आहे याचं वेगळंच वाटायचं. त्या काळात आमच्यात एक शब्द फार चालायचा: प्री-सीबीएस. पत्र्यावरची तारीख बघून अ‍ॅम्प पारखायचे.

तो शब्द कुठून आला? जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी अमेरिकेच्या सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पहिल्या दिवशी काही बिघडलं नाही. हळूहळू बिघडलं. नंतरच्या सिल्व्हरफेस (रुपेरी पॅनेलच्या) अ‍ॅम्पमध्ये सर्किटला हात लागला, गिटारची मान चारऐवजी तीन स्क्रूवर आली, उत्पादन वाढलं आणि लक्ष उडालं. शेवटी १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ आणि बाकीच्या नोकरदारांनी मिळून कंपनी परत विकत घेतली, तेव्हा ती सावरली. वीस वर्षं गेली त्यात.

म्हणून मालकाने काही फरक पडत नाही असं म्हणू नका, काका. फरक पडतो, फक्त उशिरा दिसतो.

रिवाइंड_काका (ग्रँट रोड)

मान्य. उशिरा दिसतो हे खरं. सिल्व्हरफेस मी पुष्कळ उघडले आहेत, त्यातले बरेच मागे नेऊन जुन्या सर्किटवर आणता येतात. पण ते करायला माणूस लागतो, तेवढंच माझं म्हणणं.

हिशोबी_माणूस (बीकेसी)

सीबीएसचा मुद्दा योग्य आहे, पण तिथे एका प्रसारण कंपनीने वाद्यांचा कारखाना आपल्यात ओढून घेतला होता. इथे निर्णय घेणारी मंडळी बहुतांशी तीच राहणार. जानेवारी २०२१ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीने मेसा बूगी ही अ‍ॅम्प कंपनी घेतली, तेव्हाही अशीच चर्चा झाली होती. मी तीन गोष्टींवर नजर ठेवीन: ब्लेचलीत हाताने जोडलेली मॉडेल चालू राहतात का, जुन्या मॉडेलचे ट्रान्सफॉर्मर सुटे मिळतात का, आणि कुटुंबाचा हिस्सा पुढच्या विक्रीत आणखी उतरतो का. २०२३ मध्ये तो सुमारे २४ टक्के होता.

जॅमरूमवाला (गोरेगाव)

काका, तुमची वही. मी गंभीरपणे विचारतोय. माझ्याकडे एक मुलगा कामाला आहे, आयटीआय केलेला, केबल तोच जोडतो. आठवड्यातून एक दिवस त्याला तुमच्याकडे पाठवला तर चालेल का? त्याचा त्या दिवसाचा पगार मी देईन.

सहावी_तार (दादर)

काका, बघितलं. मागची जाळी काढली, टॉर्च मारला. मोठे चार व्हॉल्व्ह आहेत आणि चारही ५८८१. ईएल ३४ नाहीतच! वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझ्याकडे ईएल ३४ चा खरा मार्शल आवाज आहे. म्हणजे कोणीतरी मधे बदलले का? मन थोडं उतरलं.

रिवाइंड_काका (ग्रँट रोड)

उतरायचं कारण नाही. कोणी बदलले असतीलच असं नाही. नव्वदच्या मध्यावर चांगले ईएल ३४ मिळेनात, तेव्हा जेसीएम ९०० कारखान्यातूनच ५८८१ घालून निघत होते. आणि ज्या बासमनवरून पहिला जेटीएम ४५ उतरवला, त्यातही ५८८१ च होते. तुझा अ‍ॅम्प पणजोबांवर गेलाय.

पण कोणाचं ऐकून त्यात थेट ईएल ३४ बसवू नकोस. बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) बदलावा लागतो, नाहीतर व्हॉल्व्ह लाल होऊन जातील.

जॅमरूमवाला, मुलाला बुधवारी पाठवा. स्वतःचं मल्टिमीटर असेल तर आणू दे, नसेल तर माझ्याकडे आहे. वही कोऱ्या पानांची एक नवीन घेऊन यायला सांगा.

काळाचौकी_बेंजो

काका, बेंजोचा पिकअप पण गुंडाळता का? आमच्याकडे दोन पडलेत.

रिवाइंड_काका (ग्रँट रोड)

आणा. तार बारीक असते, डोळ्याला त्रास होतो, पण तो मुलगा येणार आहे ना आता.

सहावी_तार (दादर)

काका, मी रविवारी सकाळी येऊ का? टॅक्सी सांगून ठेवतो. कॅबपण आणू की फक्त हेड?

रिवाइंड_काका (ग्रँट रोड)

फक्त हेड. स्पीकर इथे आहे. शनिवारी रात्रीपासून प्लग काढून ठेव, आणि टॅक्सीत आडवं झोपवू नकोस, उभंच ठेव. दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. खाली आलास की हाक मार, माझा मुलगा येईल उचलायला.